आंबवणे वेगळे, गाळणे वेगळे

पाच लिटरची काचेची बरणी, तिच्या झाकणातून निघालेली नळी आणि नळीचे दुसरे टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलेले. वन बीएचके फ्लॅटच्या ओट्यावर बिअर आंबवायला एवढे सामान पुरते, आणि महाराष्ट्रात हेच सामान गुन्ह्याचा पुरावा ठरते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे कलम ६५ परवान्याविना मद्य तयार करणाऱ्यालाच नव्हे, तर त्यासाठी भांडीकुंडी बाळगणाऱ्यालाही तुरुंगाची शिक्षा सांगते. परवाना काढून तीच बिअर दुकानातून विकत आणायला मात्र या कायद्याची हरकत नाही. स्वतःपुरती बरणी लावणारा आणि ओढ्याकाठी हातभट्टी पेटवणारा, दोघे एकाच कलमाखाली येतात. हा घोळ आता दुरुस्त व्हायला हवा. विक्रीसाठी नसलेली, केवळ आंबवलेली बिअर ठरावीक मापात घरी करण्याची मुभा राज्याने द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुद्दा आंबवणे आणि गाळणे, म्हणजे ऊर्ध्वपातन, यांतल्या फरकाचा आहे. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या घराला बिअरचे निम्मे काम ठाऊकच असते. सातूला, म्हणजे बार्लीला, मोड आणून ती वाळवतात, भरडतात आणि ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवतात. मोडांतल्या विकरांमुळे पिठाची साखर होते. चोथा काढून उरलेले गोड पाणी हॉप्सची कडवट फुले घालून तासभर उकळायचे, निववायचे आणि त्यात यीस्ट सोडायचे. यीस्टला साधारण २० अंश मानवतात, म्हणून मुंबईच्या उकाड्यात बरणी पाण्याच्या टबात ठेवून वर ओले फडके गुंडाळावे लागते. पुढचे दोन आठवडे पेल्यातल्या पाण्यात बुडबुडे येत राहतात. लहान घरात हा वायू कोंडेल, अशी शंका घेतली जाते. पण पाच लिटर बिअरमधून आठवडाभरात जेमतेम शंभर लिटर कर्बवायू निघतो. झोपलेला माणूस एका रात्रीत साधारण तेवढाच वायू उच्छ्वासातून सोडतो. खरा धोका बाटलीत आहे. आंबणे पुरे होण्याआधी बूच लावले किंवा लिटरमागे सहा-सात ग्रॅमऐवजी अंदाजाने मूठभर साखर टाकली, तर बाटली फुटते आणि काचा उडतात. त्यावर उपाय माहिती आणि मोजमाप हाच आहे, आणि चोरून केलेल्या कामात नेमके हेच दोन्ही दुर्मीळ असतात.

‘घरगुती दारू’ म्हटले की आपल्याला विषबाधा आठवते, आणि ते साहजिक आहे. २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे तडफडून मेली. ती मेली मिथेनॉलने. कारखान्यात वापरायचे हे रसायन पैशाच्या लोभाने दारूत मिसळले जाते. धान्य आंबवून मिथेनॉल घातक प्रमाणात तयार होत नाही. हातभट्टीत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे आग आणि पेट घेणारी वाफ. बिअरमध्ये ऊर्ध्वपातन नाहीच. तेव्हा गाळण्यावरची बंदी कडक राहावी, पण तिच्या आडोशाने आंबवण्यालाही दोषी ठरवू नये.

ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढली. अमेरिकेत १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर बिअर करता येऊ लागली. तेव्हा त्या देशात शंभरही ब्रुअरी नव्हत्या, आज नऊ हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचे मालक स्वयंपाकघरात शिकलेले आहेत. उलट जपानने १८९९ पासून घरगुती मद्यावर बंदी ठेवली, मुख्यतः करासाठी. तिथे बिअरचे साहित्य उघड विकले जाते आणि सोबत मद्यांश एक टक्क्याच्या आत ठेवण्याची सूचना असते. ती घराघरांत पाळली जाते का, हे कोणी तपासायचे?

पोलिसांची अडचण अशी सांगतात की, छाप्यात सापडलेले ‘रसायन’, म्हणजे हातभट्टीत गाळण्याआधीचे आंबलेले मिश्रण, आणि बिअर यांतला फरक ओळखायचा कसा? मापावरून आणि भांड्यांवरून. हातभट्टीचे रसायन पिंपांत असते, आणि जवळ भट्टी नसेल तर ते कवडीमोल असते. एका घरात एका वेळी दहा लिटर, विक्री पूर्ण बंद, गाळण्याचे साधन सापडल्यास सवलत रद्द, एवढे नियम पुरेत. मद्य हा राज्यसूचीतला विषय असल्याने त्यासाठी दिल्लीकडे बघण्याचीही गरज नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र घरातल्या बाईचा आहे. ‘आडवी बाटली’ करायला, म्हणजे मतदानाने दारूचे दुकान बंद पाडायला, गावोगावच्या बायका मतदानाला उतरल्या, त्या दारूने काय होते हे रोज सोसूनच. बिअर तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात आणि व्यसनी माणूस तेवढा थांबत नाही, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. दोन खोल्यांच्या घरात बरणी कोणाच्या नजरेआड राहत नाही, मुलांच्याही नाही. म्हणून वर्धा, गडचिरोलीसारख्या बंदीच्या जिल्ह्यांना ही मुभा लागू नसावी. इतरत्र तिच्यासाठी साधी नोंदणी असावी, त्या अर्जावर घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची सही असावी, आणि कोणत्याही एका व्यक्तीने सही मागे घेतली की नोंदणी त्याच दिवशी संपावी.