दुकानातला जुना संगणक भंगारात काढण्यापूर्वी

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज 10 ला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे बंद केले. तेव्हापासून आमच्या चिपळूणच्या बाजारपेठेत किराणावाला, औषधवाला, झेरॉक्सवाला असे सगळेच एका प्रश्नाने हैराण आहेत: दुकानातल्या संगणकाचे आता करायचे काय? विकणारे सांगतात, हे यंत्र गेले, नवे घ्या. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि साधारण 2018 पासूनचा प्रोसेसर लागतो. आपल्या छोट्या दुकानांतून जे संगणक दिसतात ते बहुतेक मोठ्या कचेऱ्यांनी काढून टाकलेले, सेकंडहँड घेतलेले. ते या अटीत बसत नाहीत. यंत्र ठणठणीत आहे, पण कंपनीच्या यादीत त्याचे नाव नाही. मुदतवाढीची सोय आहे खरी, पण धंद्याच्या यंत्रांना ती दरवर्षी पैसे मोजून आणि फार तर तीन वर्षे मिळते.

व्यापारी बांधवांना माझे सांगणे एवढेच की घाईने नवे यंत्र घेऊ नका, आणि त्याहून घाईने शेजारच्या पोराकडून क्रॅक मारलेली विंडोज टाकून घेऊ नका. तिसरा रस्ता आहे. त्या रस्त्याने मी स्वतः बऱ्याच ठेचा खात आलो आहे.

माझे दुकान डीटीपी, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे. पहिला संगणक 1998 साली घेतला. जोडून देणाऱ्याने विंडोज 98, पेजमेकर, मराठीचे फाँट, उर्दूसाठी इनपेज, सगळे एका सीडीतून टाकून दिले आणि वर म्हणाला, हे आमच्याकडून फुकट. मीही आनंदाने घेतले. पुढे विंडोज एक्सपी आली, मग विंडोज 7 आली, प्रत्येक वेळी तीच गोष्ट. लायसन्स नावाची वस्तू असते हे मला माहीत नव्हते असे नाही. पण सगळेच असे करतात, या एका वाक्यावर माझी वीस वर्षे निघाली.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले. ज्यांनी ते पाहिले त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून कळणार नाही. माझे दोन्ही संगणक, प्रिंटर, कागदाची रिमे, गिऱ्हाइकांच्या निकाहच्या पत्रिकांचा मजकूर, सगळे चिखलात गेले. पंचनाम्यासाठी नुकसानीची यादी लिहायला बसलो. यंत्रे लिहिली, टेबल लिहिले, कागद लिहिला. मग सॉफ्टवेअरच्या ओळीपाशी पेन थांबले. पेजमेकर, फाँट, विंडोज यांच्यापैकी एकाचीही पावती माझ्याकडे नव्हती. पुरात वाहून गेली म्हणून नव्हे, मुळात कधी नव्हतीच. जे माझे नव्हते ते वाहून गेले असे सरकारी कागदावर कसे लिहायचे? ती ओळ मी कोरी सोडली.

आपण मांस कोणाकडचे आहे ते विचारून घेतो. तराजूत काटा मारणाऱ्यांबद्दल कुरआनात एक अख्खी सूरह, सूरह मुतफ्फिफीन, आहे हे आपली मुले मकतबातच शिकतात. पण ज्या यंत्रावर रोजची रोजी कमावतो त्याच्या पोटात काय आहे हे आपण विचारत नाही. कोणी म्हणेल, हा तर कंपन्यांचा कायदा, शरीयतशी त्याचा काय संबंध? जेद्द्याच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर 1988 मध्ये कुवेतच्या बैठकीत ठराव केला आहे की लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरचे हक्क हे मालमत्तेसारखे असून शरीयत त्यांचे रक्षण करते. त्यांवर अतिक्रमण करता येणार नाही. आता उलेमांमध्ये या विषयी वेगळी मतेही आहेत, ती मी नाकारत नाही. पण देशाचा कायदा तरी स्पष्ट आहे. 1994 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 63ब आले. जाणूनबुजून चोरीचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला त्यात कमीत कमी सात दिवस कैद आणि पन्नास हजार रुपये दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर कोर्टाला सूट देता येते. दुकानदाराला ती सूटही नाही.

आणि धोक्याचा हिशेब वेगळाच. क्रॅक मारलेल्या प्रतीत दुरुस्त्या बहुधा बंद करून ठेवतात, नाहीतर चोरी उघडी पडते. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या व्हायरसने जगभर फायली ओलीस धरून पैसे मागितले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. आमच्यासारख्या दुकानात तर दिवसाला पंचवीस परके पेनड्राइव्ह यंत्रात शिरतात.

पुरानंतर नव्या यंत्रांना पैसे नव्हते. एका कचेरीतून निघालेले दोन जुने संगणक मिळाले, 4 जीबी रॅमचे. ठरवले की यांच्यावर चोरीचे काही चढवायचे नाही. लिनक्सशी माझी तोंडओळख होती. 2006 साली उबुंटूची सीडी कंपनी पोस्टाने घरपोच फुकट पाठवत असे, तशी मी मागवली होती. महिनाभर वापरून काढून टाकली, कारण पेजमेकर नाही आणि माझे मराठी फाँट नाहीत. 2011 मध्ये पुन्हा हौस केली, तर नेमके त्याच वर्षी उबुंटूने पडद्याचे सगळे रूपच बदलले होते. कामावरचा मुलगा गोंधळला, मी वैतागलो, परत विंडोज. असा माझा जुना इतिहास.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, मला ती फार उशिरा समजली. लिनक्स हे नुसते इंजिन आहे. फिनलंडचे लिनस तोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये ते बनवायला घेतले. त्यावर पडदा, मेनू, खिडक्या ही जी बॉडी असते तिला डेस्कटॉप म्हणतात आणि ती आपल्या मर्जीने निवडता येते. ट्रकची चॅसी घेऊन बॉडी आपण गॅरेजात हवी तशी बांधून घेतो, तसेच. नोम आणि केडीई या भारी बॉड्या. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी या हलक्या. एक्सएफसीई ऑलिव्हिए फूर्दाँ यांनी 1996 साली सुरू केला. एलएक्सक्यूटीची जुनी पिढी, एलएक्सडीई, 2006 मध्ये तैवानातून आली. मी बॉडी न बघता गाडीलाच शिव्या देत होतो.

सहा महिने मी बदलतच राहिलो. आधी नोम घेतला. दिसायला नीटनेटका, पण 4 जीबीच्या त्या म्हाताऱ्या यंत्रावर हज कमिटीचा फॉर्म, शिष्यवृत्तीचे पोर्टल आणि सातबारा एकाच वेळी उघडले की त्याला धाप लागे. मग केडीई. त्यात सगळेच बदलता येते, आणि तीच अडचण झाली. मी आणि माझा भाचा पंधरा दिवस रंग, पट्ट्या आणि चित्रे जुळवत बसलो. गिऱ्हाईक काउंटरवर उभे. मग एलएक्सक्यूटीवाला लुबुंटू टाकला, तो सगळ्यांत चपळ. तरी कोणी सांगितले अमुक चांगला, की आमचा हात शिवशिवायचा. शेवटी भाचाच कंटाळून म्हणाला, "मामू, परत बदललंत? काल मेनू खाली होता, आज वर. मी लोकांची कामं करू की मेनू शोधू?"

त्याचे खरे होते. एकदा प्रणाली बदलायची म्हणजे फायली काढून ठेवा, प्रिंटर पुन्हा बसवा, फाँट पुन्हा टाका. अर्धा दिवस जातो आणि प्रिंटर रुसला तर दोन. फुकट वस्तू घेऊन मी वेळेचे दिवाळे काढत होतो. इस्राफ फक्त पैशाचा नसतो.

2022 मध्ये लिनक्स मिंटचा एक्सएफसीई डेस्कटॉप दोन्ही यंत्रांवर टाकला आणि त्यानंतर हात लावलेला नाही. मेनू डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजव्या, खिडकीवर फुलीचे बटण जिथे असते तिथेच. विंडोजवर शिकलेल्या मुलाला अर्ध्या तासात जमते. यंत्र सुरू होऊन नुसते बसलेले असते तेव्हा पाऊण जीबीच्या आसपास रॅम घेते, बाकीची ब्राउझरला मोकळी. मिंटची एक मालिका साधारण पाच वर्षे दुरुस्त्या घेत राहते. 2024 मध्ये आलेली 22 वी मालिका 2029 पर्यंत. बाजारात कोणी म्हणतो, हलका म्हणजे कमअस्सल. मराठीत त्या शब्दाचे हे दोन अर्थ आहेत याला मी काय करणार? गड्याच्या डोक्यावरचे ओझे हलके असेल तर तो दिवसभर चालतो.

मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आत तयारच असतो. लिब्रे ऑफिसमध्ये बिले, पत्रे, पत्रिका निघतात, आणि उर्दूसाठी नोटो नस्तालीक हा मोफत फाँट आहे. जीएसटीचे पोर्टल ब्राउझरवर चालते. एकट्या मालकाच्या धंद्याला रिटर्न भरताना डिजिटल सहीचे टोकन लागत नाही, मोबाइलवरच्या ओटीपीने काम होते.

पण अडचणी लपवून माल विकणे हेही काटा मारण्यासारखेच, म्हणून त्याही सांगतो. टॅली विंडोजवरच चालते. कोरलड्रॉ नाही. इनपेजच्या आणि जुन्या मराठी फाँटातल्या फायली युनिकोडमध्ये नेल्याशिवाय कामाला येत नाहीत, आणि नेताना जोडाक्षरे तपासावी लागतात. बोटांचे ठसे घेणारी यंत्रे बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच बनतात, तेव्हा आधारवरून पैसे काढून देणाऱ्यांनी घाई करू नये. प्रिंटरचेही तसेच. एचपी लिनक्ससाठी स्वतः ड्रायव्हर देते, सगळ्याच कंपन्या देत नाहीत. माझ्या एका जुन्या लेझर प्रिंटरने दोन दिवस खाल्ले आणि शेवटी तो विकावा लागला. छापखान्याच्या फायलींसाठी मी नंतर एक यंत्र रीतसर लायसन्सच्या विंडोजसकट घेतले. पावती फाइलला लावून ठेवली आहे. तिघांपैकी एक यंत्र विकतच्या प्रणालीवर आणि दोन मुक्त प्रणालीवर, हा हिशेब छोट्या धंद्याला झेपतो.

मुक्त शब्द मी जाणून वापरला. या सॉफ्टवेअरचे लायसन्स स्वतःच सांगते की वापरा, तपासा, बदला, दुसऱ्याला प्रत द्या. प्रत देणे इथे चोरी नाही, परवानगी आहे. केरळच्या सरकारी शाळांतून कितीतरी वर्षे याच मुक्त प्रणालीवर मुले शिकत आहेत. आपल्या जमातींनी, बैतुलमालांनी आणि मोहल्ल्याच्या लायब्ररींनी याचा विचार का करू नये? दरवर्षी गरीब विद्यार्थ्यांना संगणक देण्याचे कार्यक्रम होतात, फोटो येतात. त्या यंत्रांत कोणती प्रत असते हे फोटोत दिसत नाही. विंडोज 10 बंद झाल्यामुळे बाजारात जी यंत्रे आता स्वस्तात निघत आहेत ती घेऊन, हलका डेस्कटॉप टाकून दिली तर एका संगणकाच्या पैशात दोन-तीन मुलांचे काम होईल.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी आधी जुने काही पुसू नये. मिंट पेनड्राइव्हवर घेता येते आणि हार्ड डिस्कला हात न लावता त्याच पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करता येते. चाल थोडी मंद वाटेल, पण आपला प्रिंटर ओळखला जातो का, वायफाय लागते का, मराठी उमटते का, हे तासाभरात कळते. जुम्याच्या दिवशी नमाजसाठी दुकान बंद ठेवतो, तेव्हा परत आल्यावर शटर अर्धे खाली ठेवूनच हा तास काढावा. आणि टॅलीच्या डेटाची प्रत आदल्या दिवशीच वेगळ्या डिस्कवर घेऊन ती घरी नेऊन ठेवावी. आमच्या गावात तर वरच्या मजल्यावर.