बॅटरीचा बाप कोण?

गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत उभा होतो. हॉलबाहेर पाच-सहा टेस्ला दिमाखात उभ्या, त्यामुळे विषय तिकडेच वळला. एक स्नेही म्हणाले, "काही म्हणा, मस्कने बॅटरीवर गाडी चालवून दाखवली!" मागून एका काकांची पुस्ती, "अहो, बॅटरी तर अगस्त्य ऋषींची!" दोन्ही वाक्यांना माना डोलल्या. मी मसालेभाताकडे बघत गप्प बसलो. ते गप्प बसणं वर्षभर खुपतंय.

अगस्त्य ऋषींना नमस्कार करून बाजूला ठेवू. बैलगाडीला चाकं होती म्हणून आगगाडी आमचीच, असं आपण म्हणत नाही.

मस्कसाहेबांचं बघू. टेस्ला २००३ मध्ये काढली मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग यांनी; मस्कचे पैसे आले २००४ मध्ये. लॅपटॉपचे हजारो छोटे सेल एकत्र बांधून गाडी पळवायची युक्तीही त्यांची नव्हे. एसी प्रोपल्शन नावाच्या छोट्या कॅलिफोर्नियन कंपनीने २००३ मध्ये आपल्या 'टीझीरो' गाडीत असे सुमारे ६,८०० सेल बसवले होते. २००८ च्या टेस्ला रोडस्टरमध्ये होते ६,८३१. बेरीज तुम्हीच करा! आणि त्याच्याही आधी, १९९८ मध्ये, निस्सानची 'आल्ट्रा' लिथियम-आयन बॅटरीवर धावत होती. गाड्या निघाल्या जेमतेम दोनशे, म्हणून कोणाला आठवत नाही. मस्कचं श्रेय कारखान्यांचं आहे, ते मोठं आहे, पण ते जन्मदात्याचं नाही.

खरी गोष्ट तर आपल्या शेजारची आहे. सत्तरच्या दशकात एक्सॉन या तेल कंपनीत (हो, तेल कंपनीतच!) स्टॅन्ली व्हिटिंगहॅम या इंग्रज माणसाने लिथियमची पहिली चालणारी बॅटरी केली. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि कोइची मिझुशिमा यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साईड वापरून व्होल्टेज जवळजवळ दुप्पट केलं. विद्यापीठाने पेटंट घ्यायलासुद्धा नकार दिला. जपानमध्ये अकिरा योशिनोंनी १९८५ मध्ये दुसऱ्या टोकाला कार्बन लावून ती सुरक्षित केली आणि १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली, तीही कॅमकॉर्डरसाठी. नोबेल मिळालं २०१९ मध्ये; तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. त्यांचं नोबेल व्याख्यान स्टॉकहोमला वाचलं ते तामिळनाडूच्या अरुमुगम मंथिराम यांनी. आज टाटांच्या नेक्सॉन ईव्हीत जे लोह-फॉस्फेट रसायन आहे, त्याच्या १९९७ च्या शोधनिबंधावर पहिलं नाव आहे अक्षय पाधी. अभिमानच मिरवायचा तर ही नावं आहेत की! पण ती रांगेत कोणालाच ठाऊक नव्हती, कारण या मंडळींपैकी कोणी सीईओ नाही.

माझी खरी तक्रार इथे आहे. आपल्याकडे "मुलगा काय करतो?" याची मान्य उत्तरं दोन-तीनच. प्रयोगशाळेत वीस वर्षं पावडरी भाजणारा माणूस आपल्या लेखी "अजून सेटल झाला नाही".

मी साळसूदपणे बोलतोय असं वाटेल, म्हणून सांगून टाकतो. २००४ मध्ये मी या देशात आलो तो मटेरियल्समध्ये एम्.एस्सी. करायला. प्रबंध सिरॅमिक्सवर होता. पण व्हिसाची मुदत आणि घरचं कर्ज समोर होतं, नोकरी आयटीत मिळाली, आणि वीस वर्षं मी बँकांच्या सिस्टिम्स एका डेटाबेसमधून दुसऱ्यात हलवतोय. तक्रार नाही, घर त्यावरच उभं आहे.

पण आता मुलगी केमिस्ट्री करायचं म्हणते. त्याच रांगेत तिला तिघांनी समजावलं, "बेटा, कॉम्प्युटर सायन्स घे, केमिस्ट्रीत काय ठेवलंय?" हे म्हणणाऱ्या तिघांच्याही खिशात गुडइनफचं रसायन होतं, फोनमध्ये.

पुढे ओपन डेला आम्ही ऑक्सफर्डला गेलो. साउथ पार्क्स रोडवरच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्या शोधाची निळी पाटी आहे. तिने फोटो काढला आणि विचारलं, "बाबा, तुम्ही का सोडलंत?" मी कर्जाचं सांगितलं. "आणि कर्ज फिटल्यावर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिने अर्ज केमिस्ट्रीचाच भरलाय. यंदा रांगेत कोणी तिला समजवायला आलं, तर मसालेभात गार झाला तरी चालेल, मी गप्प बसणार नाही.