ग्राइंडरचे झाकण

१ मे हा श्रमिक संत जोसेफ यांचा सण. पोप बारावे पायस यांनी तो १९५५ साली सुरू केला. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामात अवजारे आशीर्वादासाठी येतात. कोयत्या-विळ्यांबरोबर आता ग्राइंडरही येऊ लागले आहेत, आणि पुष्कळांचे झाकण काढलेले असते. “मध्ये येतं, फादर,” हे उत्तर. अहो, मध्ये यावे म्हणूनच ते बसवलेले असते! चार इंची चकती मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते. कडेचा वेग ताशी २०० किलोमीटर पडतो. ती फुटली की तुकडा झाकणावर आदळेल, नाहीतर तोंडावर. त्यालाच लाकडाचे दातेरी पाते लावणे तर निव्वळ आत्मघात. पाते अडकते आणि यंत्र अंगावर उसळते.

उघड्या तारा आगपेटीच्या काडीने सॉकेटात खोचणेही बंद व्हावे. अर्थिंग हवेच. डोळ्यांत लोखंडाचा कण गेला तर चोळू नये, टाचणीने उकरू नये. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जावे. यंत्राला हजारो रुपये मोजणाऱ्याने चष्म्यासाठी हात आखडावा, हे आम्हांला समजत नाही.

यंदा पवित्र पाणी शिंपडण्याआधी आम्ही झाकण पाहणार आहोत. ज्याला नसेल ते यंत्र तसेच घरी जाईल. कोणी रागावले तरी चालेल.