दिल्ली अर्ध्या तासावर

मंडळी, मे महिना जवळ आला की आपल्या सिंगापुरातल्या बहुतेक मराठी घरांत फ्रिजवर एक कागद लागतो. सोमवारी सेंटोसा, मंगळवारी युनिव्हर्सल, बुधवारी नाइट सफारी, गुरुवारी गार्डन्स बाय द बे, शुक्रवारी मुस्तफा. शनिवारी बॅगांचे वजन आणि रविवारी चांगी. येणारे आईवडील असोत, सासूसासरे असोत की मावसभावाचे कुटुंब असो, कागद तोच. आमच्या बुकित तिमाहच्या घरातही तो १४ वर्षे लागत होता. फक्त तारखा बदलायच्या.

मला आज त्या कागदाशी भांडायचे आहे. सुरुवात स्वतःपासून करतो, म्हणजे कोणाला राग यायला नको.

माझे वडील साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीतून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी आई-बाबा इथे आले होते. मर्लायनपुढे तो ठरलेला फोटो काढून झाला आणि आम्ही एस्प्लनेडच्या पुलावरून चालू लागलो. बाबांनी विचारले, "अरे, ती घुमटाची इमारत कसली?"

"जुनं कोर्ट असावं."

"आणि यांचं सरकार कुठे बसतं? कायदे कुठे होतात?"

मी हवेत हात फिरवला. "इकडेच कुठेतरी."

बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र म्हणाले, "चौदा वर्षं ज्या गावचं मीठ खातोस, त्या गावची कचेरी ठाऊक नाही होय रे तुला?" सौ. पोळी वाढता वाढता थांबली. मुलगा हसला. मला हसू आले नाही.

मंडळी, ज्याच्यापुढे आपण रांगा लावतो तो अर्धा सिंह आणि अर्धा मासा मुळात पर्यटन मंडळाचे बोधचिन्ह होते. ते चित्र १९६४ साली काढले गेले आणि पुतळा १९७२ साली उभा राहिला. पुतळा छान आहे, त्याच्याशी माझे वैर नाही. पण पाहुण्याला फक्त जाहिरात दाखवायची आणि घर दाखवायचेच नाही, याला काय म्हणावे? आपण तरी इथले यजमान की तिसाव्या वर्षीही पर्यटकच?

दुसरा कागद कसा असावा ते मी सांगतो. बाबांच्या त्या प्रश्नानंतर आम्ही घरच्यांनी तो केला आणि पुढच्या रविवारी चालूनही पाहिला.

सुरुवात आमच्याच रस्त्यावर होते. अप्पर बुकित तिमाह रोडवर फोर्ड मोटारींचा जुना कारखाना आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिश सेनापती पर्सिव्हल याने जपानच्या यामाशिताकडे शरणागती पत्करली ती याच इमारतीत. आज तिथे संग्रहालय आहे. २०२५ साली ह्यूम स्थानक सुरू झाल्यापासून मेट्रोही जवळ आली. शरणागतीनंतर दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर ब्रिटिश फौजेतल्या हजारो हिंदी सैनिकांना जपान्यांच्या हवाली करण्यात आले. आझाद हिंद सेनेची कहाणी तिथून सुरू होते. इतकी वर्षे मी त्या कारखान्यावरून बसने जात होतो. नजर मोबाइलमध्ये.

तिथून मेट्रो धरायची, न्यूटनला गाडी बदलायची आणि सिटी हॉलला उतरायचे. आमच्या सिक्स्थ अॅव्हेन्यूपासून मोजले तर साधारण अर्धा तास. समोर पाडांग. ५ जुलै १९४३ रोजी नेताजींनी याच मैदानावर आझाद हिंद सेनेची पाहणी केली आणि "चलो दिल्ली"ची हाक दिली. २१ ऑक्टोबरला, इथून जवळच असलेल्या कॅथे इमारतीत, स्वतंत्र हिंदुस्थानचे हंगामी सरकार जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी याच शहरात झाशीची राणी पलटणीची छावणी उघडली. तिच्यातल्या कित्येक मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ घरांतल्या होत्या. त्यांनी हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता, आणि पलटणीला नाव कोणाचे, तर तांब्यांच्या मनूचे! हे आपल्या मुलांना आपण सांगितले आहे का? नेताजींनी १९४५ साली पायाभरणी केलेले स्मारक ब्रिटिशांनी परत येताच पाडले. त्या जागी १९९५ पासून एक स्मृतिफलक उभा आहे. मर्लायनपासून पूल ओलांडला की दहा मिनिटांची वाट. तिथवर किती पाहुणे नेले आपण?

पण अर्धीच गोष्ट सांगून परतायचे नाही. फलकापासून थोड्याच अंतरावर चार उंच पांढरे खांब आहेत. जपानी अमलात मारल्या गेलेल्या नागरिकांचे ते स्मारक आहे, १९६७ सालचे. त्या काळात इथल्या चिनी कुटुंबांनी काय भोगले ते आपल्या शेजारच्या आजीला विचारा. आपल्या नेताजींनी ज्यांचा हात धरला, त्यांच्याच हातून शेजाऱ्यांची माणसे गेली. बाबा त्या खांबांखाली बराच वेळ उभे होते. मुलाने विचारले, "मग बरोबर कोण होतं, आजोबा?" बाबा म्हणाले, "ते मलाही नीट सांगता येणार नाही. पण दोन्हीकडे नमस्कार करायचा." इतकी शिकवण मुलाला युनिव्हर्सलच्या तिकिटात मिळाली नसती.

पाडांगच्या कडेला सिटी हॉल (१९२९) आणि जुने सुप्रीम कोर्ट (१९३९). बाबांनी विचारलेला घुमट तो हाच. १२ सप्टेंबर १९४५ रोजी जपान्यांनी माउंटबॅटनपुढे शरणागती लिहून दिली ती सिटी हॉलमध्ये. आता दोन्ही इमारती मिळून नॅशनल गॅलरी झाली आहे. पलीकडे १८२७ साली बांधलेली जुनी संसद. तिच्यासमोर सयामच्या राजाने आपल्या १८७१ सालच्या भेटीची आठवण म्हणून दिलेला ब्राँझचा हत्ती आहे. तिला लागून नवी संसद, १९९९ सालापासूनची. अधिवेशनाच्या दिवशी ओळखपत्र दाखवून प्रेक्षक सज्जात बसता येते. तिथे चार भाषांत बोलण्याची मुभा आहे आणि तमिळ त्यांतली एक.

सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आणि राष्ट्राध्यक्षांचा इस्ताना या दोन्ही वास्तू हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांच्या हातच्या आहेत. या शहरात मुंबई इलाख्यातूनही कैदी आणले जात. नोकरीच्या व्हिसावर येऊन इथे पहिले पाऊल आपणच टाकले, असा आपला समज असेल तर तो तिथे उतरतो. इस्तानाची दारे वर्षातून काही ठरावीक सणांना लोकांसाठी उघडतात आणि दिवाळी त्यांतला एक सण. फराळाची ताटे एक दिवस उशिरा फिरली तर काही बिघडत नाही.

आता आक्षेप. "मुले कंटाळतात." मुस्तफात तीन तास ट्रॉली ढकलताना कंटाळत नाहीत? "ऊन फार." सकाळी नऊला निघा आणि दुपारी गॅलरीच्या एसीत बसा. "आई-बाबांचे गुडघे." पाडांगभोवतीच्या इमारती सगळ्या चालण्याच्या अंतरावर आहेत. सेंटोसाला याहून जास्त पायपीट होते.

खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो आपण मोठ्याने बोलत नाही. "इथल्या सरकारशी आपल्याला काय करायचंय? आपण कामापुरते आलो." मंडळी, दरमहा पगारातून कापला जाणारा सीपीएफ कोण ठरवते? घर कोणाला, कोणत्या अटीवर मिळेल, शाळेत कोणाला आधी प्रवेश, हे कुठे ठरते? मुलाचा पीआर काढताना आपण कागदावर सही केली. त्याचा अर्थ असा की तो अठरा वर्षांचा झाला की गणवेश चढवून दोन वर्षे या देशाच्या सैन्यात किंवा पोलिसात जाणार. माझा मुलगा दीड वर्षाने जाईल. ज्या देशासाठी तो बंदूक हातात धरणार, त्या देशाची संसद त्याच्या बापाला "इकडेच कुठेतरी" एवढीच ठाऊक असावी? नागरिकत्व घेणाऱ्यांना सरकार स्वतःच अशा ठिकाणांची सहल घडवते. म्हणजे लग्न ठरल्यावर घर बघायला जाण्यातला प्रकार!

आणि सुट्टीत भारतात गेल्यावरही आपण काही वेगळे करत नाही. मॉल पाहतो. टिळकांवर १९०८ चा राजद्रोहाचा खटला मुंबई हायकोर्टात चालला आणि तिथे त्यांचे शब्द संगमरवरावर कोरले आहेत. आपल्या मुलांपैकी किती जणांनी ते वाचले?

माझी मंडळाला विनंती आहे. आपण कोजागरी करतो, नाटके बसवतो. मे-जूनमध्ये भारतातून आलेल्या आजी-आजोबांना आणि आपल्या मुलांना घेऊन एक रविवार पाडांगवर काढू या. डबे घरचे, गाइड आपल्यातलाच. कोणी पुढे आले नाही तर मी येईन. आता मला रस्ता ठाऊक आहे.

निघताना विमानतळावर बाबांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवून विचारले, "काय रे, कचेरी कुठे तुझ्या गावची?" त्याने सांगितले, अगदी स्थानक आणि बाहेर पडायच्या दारासकट. बाबांनी माझ्याकडे पाहिले, आणि बॅग उचलली.