दरवाजाच्या पुठ्ठ्यामागचा रंग

जुन्या गाड्यांच्या रॅलीत हल्ली फियाट ओळखायची ती आकारावरून. रंगावरून ओळखायला गेलात तर फसाल. चेरीसारखा लाल, मँगो आइसक्रीमसारखा पिवळा, मोत्याची झाक मारलेला पांढरा, आणि वर क्लिअर कोटचा असा जाड थर, की बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा. शेजारी पाटी असते : ‘फुल्ली रिस्टोअर्ड, ओरिजिनल कंडिशन’. लोक फोटो काढतात, मालक मिश्यांत हसतो. माझं भांडण त्या लाल रंगाशी नाही. ज्याची गाडी त्याने ती हवी तशी रंगवावी. भांडण आहे ते पाटीवरच्या ‘ओरिजिनल’ या शब्दाशी.

गाडीचा मूळ रंग हा पुरावा असतो. जुनी गाडी नव्यासारखी करण्याच्या नादात आपण तो पुरावा न वाचताच खरवडून फेकून देतो आहोत, आणि याला वारसा जपणं म्हणतो आहोत, असं माझं म्हणणं आहे.

१९६४ साली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. पुढे सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. तिच्या आधीची गुबगुबीत फियाट आपल्या लोकांच्या तोंडी ‘डुक्कर फियाट’ म्हणून राहिली. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचा तो काळ. नंबर लागला की येईल त्या रंगाची गाडी घरी आणायची, तिला हार घालायचा, पेढे वाटायचे. करडा, फिका निळा, सायीसारखा पांढरा, मळकट हिरवा असे ते रंग होते. आजच्या डोळ्याला ते निस्तेज वाटतात. पण त्या काळाचा रस्ता त्याच रंगांचा होता.

तो रस्ता आज बघायचा कुठे? त्या काळातले घरगुती फोटो बरेचसे कृष्णधवल. रंगीत प्रिंट ज्यांच्याकडे आहेत त्यांनी अल्बम उघडून बघावा : निळं आकाश गुलाबीकडे झुकलेलं असतं, हिरवी झाडं तपकिरी झालेली असतात. ईस्टमनकलरवरच्या जुन्या सिनेमांच्या प्रिंटचीही तीच गत. फिल्ममधली रंगद्रव्यं सारख्या वेगाने उडत नाहीत, म्हणून सगळ्या चित्रावर लाली चढते. याउलट दरवाजाच्या आतल्या पुठ्ठ्यामागे, मोनोग्रामच्या खाली, काचेच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या पोटात, डिकीच्या कोपऱ्यात गाडीचा पहिला रंग ऊन न लागता पन्नास वर्षं बसून असतो. त्या दशकांच्या रंगांची याहून भरवशाची नोंद आपल्यापाशी क्वचितच असेल. आणि आपण काय करतो? पहिल्याच दिवशी सगळ्या बॉडीला रिमूव्हर चोपडून ती पत्र्यापर्यंत उघडी करतो.

गॅरेजवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला मालकाने सांगितलेलं असतं, की गाडी ‘चमकली पाहिजे’. चमकीची ही अपेक्षाच मुळात चुकीच्या काळातली आहे. जुन्या कारचा रंग बराच काळ नायट्रोसेल्युलोज लॅकरचा असे. १९२०च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने ‘ड्युको’ नावाने तो आणला आणि मोटारींच्या धंद्याची गती बदलली. आधी एकेक गाडी वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागत. ते काम तासांवर आलं. आपल्याकडे हे नाव इतकं रुजलं, की अजूनही फर्निचरवाला ‘ड्युको मारून देतो’ म्हणतो. हा रंग पातळ थरांत फवारायचा, घासायचा, मग कंपाउंड लावून हाताने चकाकी आणायची. त्या चकाकीला एक मऊपणा असतो. आजच्या क्लिअर कोटची चकाकी काचेसारखी, खोल आणि ओली. शेड तंतोतंत जुळली आणि वर हा काचेचा थर आला, तर डोळ्याला रंग वेगळाच दिसतो. म्हणजे रंग जुळवायचा तर चकाकीही जुळवावी लागते, आणि त्याची सोय आहे. क्लिअर कोट लागत नाही असा एकाच टप्प्याचा पीयू रंग आजही मिळतो. पण मागतो कोण?

आता दुसऱ्या टोकाचे लोक. यांना लाल रंगाचा तिटकारा असतो, त्यामुळे ते आपले वाटतात. पण यांचा सगळा विश्वास कोडवर. कुठून तरी जुनं शेड कार्ड मिळवायचं, कोड दुकानदाराला द्यायचा, मशिनने मिश्रण केलं की काम झालं. यांनाही माझा विरोध आहे, कारण हेही गाडीकडे बघत नाहीत. एकाच कोडचा रंग प्रत्येक घाण्याला थोडा वेगळा निघतो. रंग बनवणाऱ्या कंपन्या आजच्या गाड्यांसाठीसुद्धा एका कोडच्या अनेक उपछटा ठेवतात. शेड कार्डही म्हातारं होतं. शिवाय जुन्या पिवळ्या-नारिंगी रंगांत शिशाची रंगद्रव्यं सर्रास असत. आता त्यांच्या जागी दुसरी आली आहेत. त्यामुळे जुना कोड आणि नवी सामग्री यांतून जुनाच रंग निघेल अशी खात्री नसते.

मशिनचंही तसंच. रंग मोजणारं यंत्र पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश मोजतं आणि आपल्याकडच्या टिंटरमधून सर्वांत जवळचं मिश्रण सुचवतं. दोन वेगळ्या रंगद्रव्यांचे रंग एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्यात फाटतात. साडीच्या दुकानात ट्यूबलाइटखाली जुळलेलं ब्लाउजपीस रस्त्यावर आल्यावर वेगळं दिसतं, हे ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं समजवायला नको. शिवाय यंत्राला वय कळत नाही. लॅकर जुनं होताना पिवळं पडतं, अंधारातही. त्यामुळे निळा हिरवट दिसू लागतो, पांढरा सायीचा होतो. यंत्र हा पिवळेपणाही इमानदारीने मोजतं. त्यातून किती वजा करायचं, हे माणसाने ठरवायचं.

मग करायचं काय? फार काही नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे. डिकीत किंवा दरवाजाच्या आत जुन्या रुपयाएवढी जागा निवडा. बारीक वॉटर पेपरने, पाणी घेत, गोल गोल घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका आणि तोंडाला मास्क लावा. झाडाच्या खोडात वलयं दिसतात तसे थर उघडतील : वरचा अलीकडचा रंग, लांबी, प्रायमर, त्याखाली आधीचा रंग, पुन्हा प्रायमर, मग पहिला रंग आणि शेवटी पत्रा. इथे घाई करणारा हमखास फसतो. करड्या प्रायमरचं वलय बघून ‘गाडी मूळची ग्रे होती’ असं जाहीर करणारे मालक कमी नाहीत. पहिल्या रंगाला कंपाउंड लावून वरची पांढरट भुकटी काढा, मग दोन-तीन झाकल्या जागांशी ताडून बघा. नवा रंग पत्र्याच्या पट्टीवर फवारून पूर्ण वाळू द्या, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतो. ती पट्टी सकाळच्या सावलीत, दुपारच्या उन्हात आणि ट्यूबलाइटखाली धरा. तिन्ही ठिकाणी बरी जुळली तर गाडीला हात लावा.

आणि शेवटची अट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : तळहाताएवढा जुना रंग तसाच ठेवा. पुठ्ठ्यामागे ठेवा, कुणाला दिसणार नाही. उद्या कुणाला तुमच्या निवडीची शंका आली तर त्याला ती तपासता आली पाहिजे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरोखर विचार करण्याजोगा आहे. समजा १९६८ची गाडी कारखान्यातून करडी निघाली. १९८३ साली घरात लग्न निघालं म्हणून वडिलांनी ती क्रीम करून घेतली. मुलांच्या आठवणीत गाडी क्रीमच आहे. आता तिचा खरा रंग कोणता? माझं उत्तर : दोन्ही. तो क्रीम रंग गाडीच्या आयुष्याचा भाग आहे, आणि मुलांनी तोच परत लावला तर त्यात खोटं काही नाही. ज्या रंगात ती कधी एक दिवसही रस्त्यावर आली नाही, तो लावून ‘ओरिजिनल’ म्हणणं मात्र खोटं. क्रीम लावताना खालचा करडा कुठे तरी राहू द्यावा, एवढंच मागणं.

दुसरा आक्षेप बाजाराचा : लाल गाडी लवकर विकली जाते. खरं आहे, आणि ही गोष्ट फक्त आपली नाही. फेरारीच्या कित्येक गाड्या मूळच्या निळ्या, करड्या, चंदेरी होत्या. विकायच्या वेळी त्या लाल झाल्या. पुढे संग्राहकांना कागदपत्रं बघायची सवय लागली आणि त्यांतल्या अनेक पुन्हा मूळ रंगावर आणल्या गेल्या, दुप्पट खर्चाने. जुन्या जॅग्वारच्या मालकाला कंपनीच्या नोंदींवरून प्रमाणपत्र मिळतं, त्यात कारखान्यातला रंग लिहिलेला असतो. आपल्या फियाटवाल्याच्या हातात सहसा फक्त आरसी बुक असतं, आणि त्यात ‘ग्रे’ किंवा ‘ब्लू’ एवढा एक शब्द. कोणता ग्रे, ते गाडीलाच विचारावं लागतं.

सरकारकडूनही इथे मदत नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी ठेवली आणि गाडी मूळ स्वरूपात असावी असं म्हटलं. चासी, बॉडी, इंजिन यांत फेरबदल नको, एवढं सांगितलं. रंगाबद्दल काही नाही. उलट जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली ट्युरिन सनद सांगते, की ढवळाढवळ कमीत कमी असावी आणि जे केलं त्याची नोंद राहावी. ही अपेक्षा पाळायला श्रीमंती लागत नाही. मोबाइलवर थरांचे चार फोटो काढायला काय पैसे पडतात?

घाई मात्र आहे. पन्नाशीची अट ओलांडणाऱ्या फियाट-पद्मिनींची संख्या आता दरवर्षी वाढते आहे, म्हणजे गॅरेजमध्ये जाणाऱ्याही वाढणार. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. आता उरल्या आहेत त्या बहुतेक हौशी लोकांच्या हातात. त्यांनी पुठ्ठ्यामागे न बघता रिमूव्हरचा डबा उघडला, तर आणखी वीस वर्षांनी कुणी विचारील की तेव्हाचे रस्ते कसे दिसायचे, आणि आपण त्याला चेरी रेड गाड्यांची रांग दाखवू. तो विश्वास ठेवील. त्याच्याकडे तपासायला दुसरं काही नसेल.