छत्तीस दिवसांचं चॅलेंज आणि आपले प्रश्न



दिवाळी जवळ आली की आपल्या मोबाईलवर वाचनाची चॅलेंज सुरू होतात. त्यात उत्तराध्ययन सूत्राचं चॅलेंज तर हमखास. भगवान महावीरांची अंतिम देशना म्हणून दिवाळीआधी हे सूत्र वाचायची आपल्याकडे रीतच आहे. अध्ययनं ३६, म्हणून दिवसही ३६. रोज एक अध्ययन वाचायचं, ग्रुपवर आलेल्या पाच प्रश्नांची उत्तरं रात्री नऊच्या आत पाठवायची आणि यादीत आपल्या नावापुढे हिरवी टिक लावायची. एक दिवस चुकला की नाव बाद. शेवटी पहिल्या तिघींना बक्षीस.

हा उपक्रम मला आवडतो, हे आधीच सांगते. तालुक्याच्या गावी चातुर्मास असला तर प्रवचन रोज कानावर पडतं. पण आष्टी, पाटोदा, गेवराईच्या बाजूला ज्या गावात आपली दोन-चारच घरं आहेत, तिथल्या बाईला वर्षभर कुणाशी धर्माचं बोलायला मिळत नाही. तिला घरबसल्या पन्नास जणी सोबत मिळतात. पुण्याला दिलेली लेक आणि कड्याची आई एकाच दिवशी एकच अध्ययन वाचतात. हे लहान काम नाही. म्हणूनच त्याचे नियम जरा विचार करून ठरवावेत, असं माझं मत आहे.

सगळ्यात आधी ‘खंड पडला की बाद’ हा नियम घ्या. मुलांच्या मोबाईलवर ‘स्ट्रीक’ असते ना, रोज काहीतरी पाठवलं नाही तर आकडा शून्यावर येतो, तसाच हा. आता हिशोब करा. ३६ दिवसांत प्रत्येक तरुण बाईचे ‘ते’ दिवस एकदा तर येणारच, कुणाचे दोनदाही. आपल्या बऱ्याच घरांत त्या दिवसांत सूत्राला हात लावत नाहीत, सामायिक करत नाहीत. हे पाळावं की नाही यावर घराघरात वेगळी मतं आहेत, तो विषय आज नको. पण जी पाळते तिने काय करायचं? न वाचता टिक लावायची, की पन्नास जणींदेखत कारण सांगायचं, की पंचविसाव्या दिवशी बाद व्हायचं? जे सूत्र खोटं बोलू नये म्हणून शिकवतं, ते वाचतानाच बाईला खोट्या टिकेपर्यंत नेणारा नियम काय कामाचा?

खरं तर आपल्या परंपरेनेच वाचनाला मोकळे वेळ ठेवले आहेत. असज्झायाची ३२ कारणं आपण लहानपणापासून ऐकतो. शिवाय उत्तराध्ययन हे कालिक सूत्रांत मोडतं. म्हणजे त्याचा मूळ पाठ दिवसाच्या आणि रात्रीच्या पहिल्या व शेवटच्या प्रहरातच करायचा. कधी वाचायचं नाही हेही ज्या परंपरेत इतकं बारकाईने सांगितलं आहे, तिथे न वाचलेला दिवस म्हणजे हार कशी?

दुसरा नियम वेळेचा. जी सगळ्यात आधी उत्तर पाठवेल तिला जादा गुण. आपल्या भागात दिवाळीच्या आधीचे दिवस कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, आडतीवर आणि दुकानात गर्दी, घरात साफसफाई आणि फराळ. सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची ती वेगळीच. जिच्या हाताखाली बाई आहे ती साडेसातला उत्तरं पाठवते, आणि जी एकटी घर ओढते तिचं नऊला दहा मिनिटं कमी असताना पुस्तक उघडतं. दोघींनी वाचलं सारखंच, गुण मात्र वेगळे. आणि ज्या काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यांनी नातीकडून अध्ययन वाचून घेऊन ऐकलं तर ते ‘वाचन’ धरायचं की नाही, याचं उत्तर बऱ्याच नियमावल्यांत नसतंच. आगम कित्येक शतकं ऐकूनच पुढे आले, मग काकूंच्या ऐकण्याला टिक द्यायला काय हरकत आहे?

आणखी एक अडचण आहे. कित्येक जणी सामायिकात वाचतात. ते ४८ मिनिटं म्हणजे घरातला एकमेव शांत वेळ. सामायिकात मोबाईल चालत नाही. पण अध्ययन पीडीएफवर येतं आणि प्रश्नही मोबाईलवरच. मग सामायिक सोडून वाचायचं का? एका गावात दोन छापील प्रती फिरत्या ठेवल्या आणि प्रश्न आदल्या दिवशी कागदावर उतरवून दिले तर एवढा गुंता राहणार नाही.

आता प्रश्नांकडे येते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. “राजीमतीची कथा कितव्या अध्ययनात आहे?” “रथनेमि कोणाचे भाऊ?” असे प्रश्न येतात. गुगलवर टाकले की उत्तर क्षणात मिळतं, अध्ययन उघडावंही लागत नाही. पण बाविसाव्या अध्ययनात घडतं काय ते बघा. पावसात भिजलेली राजीमती गुहेत एकटी आहे. समोर तिच्यावर मन गेलेला रथनेमि आहे. ती पळत नाही, रडत नाही. त्याला त्याच्या कुळाची आणि घेतलेल्या व्रताची आठवण करून देते आणि परत वाटेवर आणते. इथे विचारायला हवं: “राजीमतीने रथनेमिला कोणकोणत्या शब्दांत थांबवलं? आपल्या मुलीला यातलं काय सांगाल?” विसाव्या अध्ययनात अनाथी मुनी राजा श्रेणिकाला सांगतात की राजा, तूही अनाथच आहेस. तिथे विचारा: “घरात सगळं भरलेलं असून माणूस अनाथ कसा असतो?” या प्रश्नांना गुण देणं अवघड आहे, मान्य. पण त्यांची उत्तरं कॉपी होत नाहीत.

आणि शेवटचा नियम, जो मला सगळ्यात जास्त खटकतो: “ग्रुपवर शंका विचारू नयेत, फक्त उत्तरं पाठवावीत.” वाद होतात, म्हणून ॲडमिन असं लिहितात. त्यांची धास्ती मी समजू शकते. पण स्वाध्यायाचे पाच प्रकार आठवा. वाचना पहिली, आणि दुसरी लगेच पृच्छना, म्हणजे विचारणं. त्यानंतर परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. आपलं चॅलेंज पहिल्यावरच थांबतं आणि दुसऱ्याला तर बंदीच घालतं. भगवती सूत्रात गौतम स्वामींनी ३६ हजार प्रश्न विचारले असं परंपरा सांगते. त्याच सूत्रात कौशांबीची जयंती श्राविका आहे. ती घरची बाई, राजघराण्यातली असली तरी श्राविकाच. तिने भगवंतांना समोरासमोर विचारलं: झोपलेलं चांगलं की जागं असलेलं? भगवंतांनी तिला गप्प केलं नाही. अधर्माने वागणारे झोपलेले बरे, धर्माने वागणारे जागे बरे, असं नीट समजावून सांगितलं. जयंतीला विचारता आलं, मग माजलगावच्या काकूंना का नाही?

काही जणी म्हणतील, नियम सैल केले तर शिस्तच राहणार नाही. शिस्त हवीच. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या पाथर्डीत आनंदऋषीजींच्या प्रेरणेने १९३६ साली धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झालं. आपल्या कितीतरी आज्या-मावश्यांनी त्या परीक्षा दिल्या. परीक्षेत शिस्त असतेच, पण तयारीला वेळही असतो, आणि मधल्या चार दिवसांत पुस्तक उघडलं नाही म्हणून कुणी नाव कापत नाही. कड्याच्या शिक्षणसंस्थेला ज्यांचं नाव आहे त्या अमोलकऋषीजींनी ३२ आगमांचा हिंदी अनुवाद केला, तो तुमच्या-माझ्यासारख्यांना अर्थ कळावा म्हणूनच ना?

नियमांविषयी तर उत्तराध्ययनातच अख्खं अध्ययन आहे, तेविसावं. पार्श्वनाथांच्या परंपरेतले केशी श्रमण आणि गौतम स्वामी श्रावस्तीच्या तिंदुक उद्यानात भेटतात. केशी विचारतात: दोघांचं ध्येय एकच, मग तुमची महाव्रतं पाच आणि आमची चार, असं का? गौतम सांगतात की त्या त्या काळची माणसं वेगळी होती. कुणी सरळ पण समजायला जड, कुणी सरळ आणि शहाणी, कुणी वाकडी आणि जड. त्यांना झेपेल, पाळता येईल अशी मांडणी झाली. ध्येय तेच राहिलं. व्रतांची मांडणीसुद्धा माणसं पाहून झाली असेल, तर आपल्या ग्रुपचे नियम बायका पाहून का ठरू नयेत?

मला सुचतं ते असं. ३६ अध्ययनांना ४५ दिवस द्यावेत, मधले मोकळे दिवस जिचे तिने ठरवावेत, कारण कुणी विचारू नये. आधी पाठवण्याचे गुण बंद करावेत. ऐकलेलंही वाचलेलं धरावं. रोज दोन प्रश्न माहितीचे आणि एक विचाराचा असावा. आणि रविवारचा दिवस फक्त शंकांसाठी ठेवावा. ज्या सुटणार नाहीत त्या लिहून ठेवाव्यात आणि महासतीजींचे दर्शन होईल तेव्हा विचाराव्यात.

पुढच्या वेळी ग्रुपवर नियमांचा मेसेज आला की लगेच अंगठा दाखवू नका. आधी ॲडमिन ताईंना एवढंच लिहा: “ताई, शंका कोणत्या दिवशी विचारायच्या?” एकीने लिहिलं की बाकीच्याही लिहितील.