पारवा की राखाडी?

रंगाच्या पत्रिकेवर एकाच करड्या रंगाच्या डझनभर छटा शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. त्यांतील दोन छटांना मराठीने फार पूर्वीच स्वतंत्र नावे दिली आहेत. निळसर झाकेचा तो पारवा. चुलीतल्या राखेची ऊब असलेला तो राखाडी. लुगडे निवडताना आपल्या आज्या हा भेद अचूक करीत. भिंतीच्या बाबतीत आपण तो विसरतो आणि हजारो रुपये खर्च झाल्यावर ‘रंग फसला’ म्हणून हळहळतो.

भिलाईच्या पोलाद वसाहतीतील क्वार्टर सोडून कुरुदला घर बांधले, तेव्हा आमच्याकडेही हा वाद रंगला. सौ.चा कौल पारव्याला होता. दुकानातील ट्यूबलाइटखाली तो देखणा दिसतही होता. परंतु आमच्या बैठकीची खिडकी उत्तरेला आहे. तेथे वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही. येतो तो आकाशाचा निळसर उजेड. भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवून पाहिले, तर पारवा ओल्या सिमेंटसारखा उदास वाटला. जामुलचा सिमेंट कारखाना शेजारीच असला, तरी तो रंग घरात कशाला? राखाडी चौकोन मात्र त्याच उजेडात निवळ दिसत होता.

निर्णय खरा झाला तो आईमुळे. मोतीबिंदू वाढू लागला की डोळ्यातील भिंग पिवळसर होते, निळ्या छटा मंदावतात. करडी भिंत, तशीच फरशी आणि तशीच चौकट असेल, तर अशा डोळ्यांना दार कोठे संपते हेच उमगत नाही. दिवसभर बैठकीत बसणार ती! म्हणून बैठकीला राखाडी आणि चौकटींना गडद तपकिरी रंग दिला.

पारवा लागला पश्चिमेच्या खोलीला. उतरत्या उन्हाच्या तांबूस प्रकाशात राखाडी तेथे मळकट झाला असता. चौकोन रंगवताना आधी प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात द्यावेत. कोरा गिलावा रंग शोषून घेतो. सकाळी, चार वाजता आणि दिवे लागल्यावर, असे तीनदा ते पाहावेत. दिवाही नेहमीचाच लावावा, कारण २७०० केल्विनचा पिवळसर दिवा आणि ६५०० केल्विनचा पांढरा दिवा एकच भिंत दोन रंगांची दाखवतात. आमच्या घरी पिवळा दिवा लागताच पारवाही थोडा राखाडीकडे झुकतो; सौ. मात्र ते मान्य करीत नाही.